पंधरा आणि पन्नास वर्षांच्या मध्ये



जुन्या मोटारींचा छंद म्हणजे संस्थानिकांचा थाट, असा समज आहे. दिल्लीत १९६४ साली सुरू झालेल्या ‘स्टेट्समन’ रॅलीने तो काहीसा दृढही केला. मात्र त्याच रॅलीत राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाचा १९१४ सालचा ‘जॉन मॉरिस’ अग्निबंबही धावला आहे. तरीही दुरून पाहिलेल्या वस्तूवर मुलांचा जीव जडत नाही. तो जडतो हात काळे झाल्यावर.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची ‘पद्मिनी’ घ्या. थंडीत सकाळी चोक ओढला, की कार्ब्युरेटरमध्ये हवा कमी शिरते, मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते आणि गारठलेले इंजिन कुरकुरत जागे होते. पाठ्यपुस्तकातील धडा येथे कानाने कळतो. आजच्या गाडीत हेच काम संगणक गुपचूप उरकतो.

अडचण वेगळीच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशाने राजधानी परिसरात १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना रस्ता बंद झाला. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ‘व्हिंटेज’चा मान ५० वर्षांनंतरच दिला. मधली ३५ वर्षे गाडीने काय करावे? बहुधा परप्रांती जावे, नाहीतर भंगारात. येथील हवा पाहता निर्बंध अनाठायी म्हणवत नाहीत. पण चाके थांबली तरी कार्ब्युरेटर उघडता येतो. गुरुग्रामजवळच्या तावडू येथील हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम मुलांना दाखवावेच. अंगणात पद्मिनी उभी असल्यास मात्र भंगारवाल्यास बोलावण्यापूर्वी एका रविवारी बॉनेट उघडावे आणि पाना नातवंडांच्या हाती द्यावा.