मिरीच्या मुलखात



आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या काळ्या मिरीकडं आपण एरवी फारसं पाहत नाही. सर्दी-पडसं झालं की काढ्यापुरती तिची आठवण होते. पण या सुरकुतलेल्या दाण्यासाठी सातासमुद्रापलीकडची माणसं गलबतं घेऊन आली, वखारी घालून बसली आणि लढायाही लढली. ही मिरी जिथं वेलीवर लागते अशा एका जिल्ह्याची ओळख आज करून घेऊ. जिल्ह्याचं नाव वायनाड. केरळच्या उत्तर भागात, कर्नाटक आणि तमिळनाडू या दोन्ही राज्यांना लागून तो आहे.

नाव परकं वाटलं तरी डोंगर आपलाच आहे. आपला सह्याद्री दक्षिणेकडं जातो, त्याचंच हे पुढचं अंग. कोकण रेल्वेनं कोझिकोडला, म्हणजे जुन्या कालिकतला, उतरावं आणि मोटारीनं ताम्रश्शेरीचा घाट चढावा. घाटाला नऊ मोठी वळणं आहेत. शेवटचं वळण संपलं की लक्किडी लागतं आणि धुकं गाडीत शिरतं. सातशे मीटरपासून एकवीसशे मीटरपर्यंत उंचसखल असा हा मुलूख. इथली कबिनी नदी आपल्या कृष्णा-गोदावरीसारखीच समुद्राकडं पाठ फिरवून पूर्वेला जाते आणि कावेरीला मिळते.

लक्किडीला एका झाडाला लोखंडी साखळी बांधलेली दिसेल. करिंथंडन नावाच्या पणिय जमातीतल्या तरुणानं एका गोऱ्या इंजिनिअरला ही घाटवाट दाखवली, आणि वाट सापडल्याचं श्रेय आपल्यालाच मिळावं म्हणून त्या साहेबानं त्याला ठार केलं, अशी कथा लोक सांगतात. पुढं त्याचा आत्मा प्रवाशांना छळू लागला, म्हणून त्याला साखळीनं झाडाशी जखडला. या कथेला कागदोपत्री पुरावा मागू नका. पण वाट कुणाची आणि नाव कुणाचं, हे तिथल्या माणसानं कसं लक्षात ठेवलं आहे ते तेवढं पाहा.

आता मिरीकडं वळू. मिरी म्हणजे झाड नव्हे, वेल. तिला चढायला आधार लागतो. कुठं पांगारा, कुठं सिल्व्हर ओक, कुठं फणस किंवा आंबासुद्धा. आपल्या कोकणातल्या बागायतदाराला यात नवल वाटणार नाही. तोही पोफळीवर मिरवेल चढवतोच. पण वायनाडात कॉफीच्या मळ्यात सावलीसाठी जी झाडं राखलेली असतात, त्यांच्या बुंध्यांना वेली बिलगलेल्या असतात. खाली कॉफी, बुंध्यावर मिरी, वर झाडाची सावली. एका जमिनीत तीन मजले. ओलसर घळींतून वेलदोडा, कडेला आलं आणि हळद.

पावसाळ्याच्या सुरुवातीला वेलीला बारीक फुलांचे तुरे लोंबू लागतात. ऐन पावसात त्यांची फळधारणा होते. म्हणून सरी वेळेवर न आल्या तर घोस विरळ भरतात. साधारण डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास घोसातला एखाददुसरा दाणा तांबडा झाला की काढणी करायची. सगळे दाणे पिकेपर्यंत थांबलात तर ते गळतील आणि पाखरं खातील. काढणीची शिडी म्हणजे एकच उंच बांबू, पाय ठेवण्यापुरते पेरांपाशी खुंट राखलेला. त्यावर चढून कमरेच्या पिशवीत घोस टाकणारा माणूस पाहिला की आपलेच पाय लटपटतात! मग दाणे सुटे करून चार-सहा दिवस उन्हात वाळवले, की हिरवी साल काळी पडते. शंभर किलो हिरव्या मिरीची वाळून जेमतेम तेहेतीस किलो काळी मिरी होते. पांढरी मिरी ही निराळी जात नव्हे. पिकलेले दाणे भिजवून वरची साल काढली की तीच पांढरी.

यात सुख फार आहे असं समजू नका. अतिपावसानं मुळाशी बुरशी लागते आणि हिरवीगार वेल थोड्याच दिवसांत काळवंडून गळून पडते. या मरीनं पुल्पळ्ळी भागातल्या बागाच्या बागा गेल्या. त्यातच दोन हजार सालानंतर मिरीचे आणि कॉफीचे भाव कोसळले, कर्ज फिटेना आणि शेतकऱ्यांनी जीव दिले. २००६ साली केंद्र सरकारनं आत्महत्याग्रस्त अशा ३१ जिल्ह्यांसाठी पुनर्वसनाची योजना जाहीर केली. त्या यादीत आपल्या विदर्भातले सहा जिल्हे होते आणि वायनाडही होता. यवतमाळच्या काळ्या रानातला कापूसवाला आणि धुक्यातल्या मळ्यातला मिरीवाला एकाच कागदावर आले. बाहेरून मळा पाहणाऱ्याला तो बाग वाटतो. मालकाला तो हिशेब असतो.

वायनाड या नावाचा अर्थ मात्र मळ्यांशी संबंधित नाही. ‘वयल’ म्हणजे भातखाचर आणि ‘नाडु’ म्हणजे देश, खाचरांचा देश. गंधकशाला आणि जीरकशाला हे इथले सुवासिक तांदूळ. आपल्या आंबेमोहराची आठवण करून देणारे. अलीकडं पुष्कळ खाचरांत भाताऐवजी केळी आणि आलं आलं. पैसा दिसतो म्हणून शेतकरी ते करतो, त्याला दोष देता येत नाही. पण खाचरात जे पाणी साठून मुरत असे, ते आता उतारानं निघून जातं.

देवळांचं सांगायचं, तर ब्रह्मगिरीच्या कुशीतलं तिरुनेल्लीचं विष्णुमंदिर आधी पाहा. रानातून जाणारा रस्ता हत्तींचाही आहे, तेव्हा संध्याकाळच्या आत परतावं. डोंगरातलं झऱ्याचं पाणी दगडी खांबांवरच्या दगडी पन्हळीतून देवळापर्यंत आणलेलं आहे. शिक्षकमंडळींनी ही पन्हळ अवश्य पाहावी. उताराचं गणित वर्गात शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही. जवळच पापनाशिनी ओढ्यावर लोक पितरांचं कार्य करतात. सुलतान बत्तेरीला ग्रॅनाइटची जुनी जैन बस्ती आहे. बत्तेरी हे नाव टिपूच्या तोफखान्यावरून पडलं.

मानंतवाडीजवळच्या वल्लियूरकावू देवीची जत्रा मीन महिन्यात, म्हणजे आपल्या चैत्राच्या आगेमागे भरते. पूर्वी या जत्रेत जमीनदार पणिय आणि अडिय जमातींच्या मजुरांना थोडे पैसे देऊन वर्षभरासाठी बांधून घेत. देवीच्या साक्षीनं ठरलेला करार मोडायची प्राज्ञा नव्हती. आपल्याकडं पाडव्याला सालगडी ठरतो, त्याची ही जास्त कडक बहीण. १९७६ च्या कायद्यानं वेठबिगारी देशभर बंद झाली. देवी आहे, जत्रा आहे. पण तिथला जुना बाजार कसला होता हे देवळातल्या फलकावर शोधू नका, म्हाताऱ्या माणसांना विचारा.

इतिहास थोडक्यात सांगतो. १७९२ साली मलबार कंपनी सरकारकडं गेला. पळश्शी राजानं कुरिच्य तिरंदाजांना हाताशी धरून या जंगलांत कंपनीशी वर्षानुवर्षं झुंज दिली आणि ३० नोव्हेंबर १८०५ रोजी तो पडला. त्याच्यावर फौजा धाडणाऱ्यांत आर्थर वेलस्ली होता. १८०३ साली जालना भागातल्या असईच्या रणात मराठ्यांसमोर उभा राहिला तो हाच.

आता मन घट्ट करून पुढचं ऐका. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ च्या पहाटे, वायनाडमधल्या मेप्पाडीजवळची मुंडक्कै आणि चूरलमला ही गावं चिखलात गेली. दोन दिवसांत पाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला होता. चहामळ्यांच्या वरचा कडा सुटला, ओढ्यातून शिळा आणि ओंडके धावत आले आणि अडीचशेहून अधिक माणसं गेली. कित्येकांची प्रेतं नदीनं शेजारच्या मलप्पुरम जिल्ह्यात वाहून नेली. वेळ्ळारमलाच्या शाळेतली किती तरी मुलं त्यांत होती. सप्टेंबरात त्या शाळेचे वर्ग मेप्पाडीत पुन्हा भरले. पटावरची ती नावं वगळून हजेरी घेताना त्या गुरुजींचं काय झालं असेल, हे तुम्हां शिक्षकांना मी सांगायला नको.

डॉ. माधव गाडगीळ यांच्या समितीनं २०११ सालीच वैत्तिरी तालुका सर्वांत नाजूक पट्ट्यात धरला होता. वायनाडातल्या शेतकऱ्यांनी त्या अहवालाला कडाडून विरोध केला. आपल्याला जमिनीवरून उठवतील ही त्यांची भीती मला समजते; पिढ्यान् पिढ्या राबून उभा केलेला मळा कुणी सहज सोडत नाही. पण त्या अहवालात निर्णय ग्रामसभांनी घ्यावा असं आवर्जून म्हटलं होतं, आणि तेवढाच भाग गावोगाव नीट पोचला नाही. माझ्या मते मोठी चूक तिथं झाली. आपल्याकडं तळिये आणि इर्शाळवाडी घडल्यावर तरी तो अहवाल मराठीतून वर्गात वाचायला हरकत नसावी.

जायचंच असेल तर जून ते ऑगस्ट टाळा. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर मिरीची काढणी दिसेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये वळवाची सर पडली की आठ-दहा दिवसांत कॉफी फुलते आणि सगळा डोंगर मोगऱ्यासारखा घमघमतो. येताना मिरी घेतलीत, तर थोडे दाणे पाण्यात टाकून पाहा. मिरी बुडते, तरंगते ती बहुधा पपईची बी.