चिकूची वाईन आणि यजमानाचा आग्रह



डहाणू-तलासरीचें नांव निघालें कीं शहरवासीयांस चिकूच्या वाड्या आणि ताडामाडांचीं बनें आठवतात. भौगोलिक मानांकन लाभलेला डहाणू-घोलवडचा चिकू २०२१ सालीं ब्रिटनला रवाना झाला, आणि त्याच पट्ट्यांतील बोर्डी येथें चिकूपासून वाईनहि तयार झाली. अशी बाटली घरीं आली म्हणजे ती पाहुण्यांपुढें कशी ठेवावी, याचा आज थोडा विचार करूं.

फळांची गोडसर किंवा फसफसती वाईन थंडच रुचते. सात ते दहा अंश उष्णतामान तिला मानवतें. घरच्या फ्रिजमध्यें सुमारें चार अंश असतात आणि अतिशय थंडीनें सुगंध दबतो. म्हणून बाटली दहा मिनिटें आधीं बाहेर काढावी. फसफसत्या वाईनचें बूच उडवूं नये. तें घट्ट धरून बाटलीच हळूहळू फिरवावी. पेला देंठाशीं धरावा, म्हणजे हाताच्या उबेनें वाईन तापत नाहीं. ७५० मिलिलिटरच्या बाटलींत १५० मिलिलिटरचे पांच पेले होतात, हा हिशेब यजमानानें ध्यानांत ठेवावा. सोबत तळलेले बोंबील किंवा पापलेट असावें. रिकाम्या पोटीं वाईन देऊं नये, आणि पाण्याचा तांब्या जवळ असावा.

परंतु खरी कसोटी पुढेंच आहे. आपल्या पंक्तींत आग्रह हा यजमानाचा धर्म मानिला आहे. जिलबीचा आग्रह शोभतो; वाईनचा मुळींच शोभत नाहीं. जो नको म्हणतो त्यास कारण विचारूं नये. कोकमाचें सरबत त्याच घाटाच्या पेल्यांतून, त्याच तबकांतून फिरवावें, म्हणजे न घेणाऱ्यास वेगळें पडल्यासारखें वाटत नाहीं. नीरा द्यावयाची असल्यास ती पहाटे उतरविलेली व थंड राखलेलीच हवी. ऊन चढूं लागलें कीं ती आंबते, तिची ताडी होते, आणि न पिणाऱ्या पाहुण्याची नकळत फसवणूक घडते.

ज्यास मोटार हांकावयाची आहे, त्याच्यापुढें पेला धरूंच नये. तलासरीपलीकडे गुजरातची हद्द लागते. १९६० सालीं तें राज्य स्थापन झालें तेव्हांपासून तेथें दारूबंदी आहे. तेव्हां तिकडे परतणाऱ्या पाहुण्याच्या सामानांत प्रेमानें बाटली ठेवणें म्हणजे त्यास संकटांत लोटणें होय. त्याच्या हातीं चिकूची करंडी द्यावी. घरची आठवण तीहि तितक्याच गोडीनें पोहोंचविते.