आधी पाहणी, मग उचल



अडगळीवर लिहिणारे साहित्यिक मराठीत पुष्कळ झाले. ती अडगळ चार जिने उतरवून टेम्पोत भरणाऱ्यांची परिषद मात्र क्वचितच भरते, आणि भरली तरी तिथलं बोलणं भावावर येऊन थांबतं: तांबं काय गेलं, रद्दी किती उतरली, पोलिसानं टेम्पो कुठे अडवला. तेही बोलायलाच हवं. अध्यक्षीय भाषण मात्र आज दुसऱ्या प्रश्नासाठी राखलं आहे. घर रिकामं करणाऱ्याला इजा नेमकी कशानं होते, आणि ती टाळणं कोणाच्या हातात असतं?

मुंबई-पुण्यात या कामाला सध्या उसंत नाही. सोसायटीचा पुनर्विकासाचा करार झाला की तीस-चाळीस वर्षांचे संसार थोड्याच दिवसांत बाहेर येतात. मुलं परदेशात, आई-वडील गेलेले, फ्लॅटची किल्ली शेजाऱ्यांकडे. अशी घरं तर न पाहताच कोणाला तरी उक्ती दिली जातात. ठेकेदार रक्कम उक्ती घेतो आणि माणसांना खेपेवर पैसे देतो. जितक्या खेपा जास्त तितकी मजुरी जास्त, म्हणून कोणी थांबत नाही, कोणी विचारत नाही. माळ्यावरचं जे हाताला लागेल ते खाली येतं.

माळ्यावर काय असतं? पत्र्याची ट्रंक, लोणच्याच्या बरण्या, गणपतीचं मखर. त्यांच्याच मागे लेबल गळून पडलेली ढेकणांच्या औषधाची बाटली, रंगाचे अर्धे डबे, तेजाबाचा कॅन. घरात कोणी डॉक्टर असेल तर जुनं रक्तदाबाचं यंत्रही सापडतं. ताप मोजायच्या थर्मामीटरमध्ये पारा असतो अर्धा ते एक ग्रॅम. त्या जुन्या यंत्रात ऐंशी ते शंभर ग्रॅम. ते फरशीवर फुटलं की पाऱ्याच्या गोळ्या पाहून पोरं जमतात आणि बिगारी सवयीनं झाडू फिरवतो. झाडूनं पारा आणखी बारीक होऊन फटीफटीत जातो आणि त्याची वाफ दिवसेंदिवस खोलीत राहते. खिडक्या उघडायच्या, माणसं बाहेर काढायची, जाड पुठ्ठ्यानं गोळ्या एकत्र करून झाकणाच्या बाटलीत भरायच्या आणि वर चिकटपट्टी लावायची. काम दहा-पंधरा मिनिटांचं, पण समोर पारा आहे हे आधी कळलं तरच ते होतं.

वजन डोळ्यांना दिसतं, खिळा टोचताक्षणी कळतो. या धंद्यात जिवावर बेततं ते न कळलेलं. दिल्लीतल्या मायापुरीचं उदाहरण सगळ्यांनी पाठ करावं असं आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात 1968 साली घेतलेलं एक किरणोत्सर्गी यंत्र होतं. 1985 पासून ते कोणी वापरत नव्हतं. फेब्रुवारी 2010 मध्ये इतर जुन्या सामानासारखा त्याचाही लिलाव झाला आणि ते मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचलं. तिथल्या माणसांनी ते नेहमीसारखं फोडलं. जाड शिशाच्या आत कोबाल्ट-60 होतं. एक कामगार दगावला, अनेकांना रुग्णालयात हलवावं लागलं. यंत्रात काय आहे याची माहिती विभागात कधीतरी कोणाला तरी होतीच. ती यंत्राबरोबर गेली नाही.

ब्राझीलमधल्या गोयानियात हेच त्याआधी घडून गेलं होतं. सप्टेंबर 1987 मध्ये दोघांनी एका सोडून दिलेल्या कर्करोग उपचार केंद्रातून यंत्राचं डोकं काढून आणलं आणि भंगारवाल्याला विकलं. आतली सीझियमची पूड अंधारात निळी चमकत होती, म्हणून ती कौतुकानं घरोघर वाटली गेली. चार जण मेले, त्यात भंगारवाल्याची सहा वर्षांची पुतणी होती. एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी झाली आणि 249 जणांच्या अंगावर किंवा अंगात किरणोत्सर्गी कण सापडले.

आपल्या घरांत कोबाल्ट नसतं, हे खरं. सुया मात्र असतात. देशात मधुमेही दहा कोटींवर आहेत, असं 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानं सांगितलं. त्यांतले सगळे इन्सुलिन घेत नाहीत, पण जे घेतात त्यांच्या वापरलेल्या सुया जातात कुठे? काळ्या पिशवीत, उशीच्या खोळीत, देवघराच्या खणात. सुई टोचली की जुनी माणसं बोट पिळतात, तोंडात धरतात, वर हळद दाबतात. यातलं काहीही करू नये. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठायचं. एचआयव्हीचा धोका डॉक्टरांना वाटला तर त्यावरच्या प्रतिबंधक गोळ्या 72 तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. जितक्या लवकर तितकं बरं. ‘ब’ काविळीचा विषाणू तर वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो. त्यावर लस आहे आणि ती स्वस्तही आहे. धनुर्वाताची सुई घेतली का, असं विचारणारे मुकादम बरेच भेटतात. काविळीच्या लसीचं विचारणारा विरळाच.

हातमोज्यांबद्दल इथे थोडं कडू बोलावं लागेल. सुरक्षेचा विषय निघाला की मोजे वाटायचे, फोटो काढायचा आणि विषय मिटवायचा, अशी रीत पडली आहे. पातळ रबरी मोजा सुई अडवत नाही. चामड्याचा काच अडवतो, पण कचरा निवडणाऱ्या बाईला प्लास्टिकची जात बोटांनी आणि आवाजानं कळते. जाड मोज्यात तिची मजुरीच बुडते. म्हणून ती मोजा काढून कमरेला खोचते आणि मग तिलाच निष्काळजी ठरवलं जातं. मोजे हवेतच, जाड तळव्याचे बूटही हवेत. पण मोजा हा शेवटचा बंदोबस्त. पहिला बंदोबस्त सुई पिशवीत येऊच न देण्याचा, आणि तो घरमालकाच्या हातात असतो. जाड प्लास्टिकची झाकणाची बरणी, वर ‘सुया’ एवढा शब्द लिहिलेला; यापलीकडे खर्च नाही.

हे होऊ शकतं, याचा दाखला पुण्यातच आहे. 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, डॉ. बाबा आढावांच्या पाठबळानं. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली आणि 2008 पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. वापरलेली सॅनिटरी पॅड उघडी हाताळावी लागणं ही या बायकांची जुनी तक्रार. 2013 साली त्यांनी तसली पॅड भरून ती बनवणाऱ्या कंपन्यांकडेच पाठवून दिली. पुढे लाल ठिपक्याची मोहीम आली: पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. 2016 च्या घनकचरा नियमांनी असला कचरा गुंडाळून देणं घरावर बंधनकारक केलं आणि त्यासाठी वेष्टन पुरवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. त्याच नियमांनी वापरलेल्या सुया, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, कीटकनाशकांचे डबे यांना घरगुती घातक कचऱ्यात घातलं. लाल ठिपका म्हणजे आत काय आहे हे उचलणाऱ्याला आधी सांगणं. घर रिकामं करण्याच्या धंद्याला नेमका हाच ठिपका हवा आहे, सबंध घरापुरता.

त्यासाठी पाहणीची फेरी. काम घेण्याआधी एका जाणत्या माणसानं रिकाम्या हातानं घर फिरायचं, मालकाबरोबर, आणि विचारायचं: घरात आजारी कोण होतं? सुया, औषधं कुठे? माळ्यावर बाटल्या आहेत का? गॅसचं सिलिंडर? इन्व्हर्टरची बॅटरी? न्हाणीघरातल्या अर्धवट बाटल्यांचं काय करायचं? या शेवटच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष होतं. संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लीच एकाच बादलीत ओतलं की क्लोरीन वायू सुटतो आणि लहानशा न्हाणीघरात तो माणसाला पाडू शकतो. बाटल्या जशा आहेत तशा, झाकण घट्ट लावून, उभ्या न्यायच्या. फुगलेली मोबाइलची बॅटरी किंवा पॉवरबँक तर वेगळीच ठेवावी. कचरा दाबणाऱ्या गाडीत ती चेपली की पेट घेते.

बंद फ्लॅटचा प्रकार वेगळा. मुंबईत वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या घराची गॅलरी म्हणजे पारव्यांचं माहेर. 2025 साली दादरचा कबुतरखाना बंद झाला तेव्हा शहरभर वाद पेटला, पण पक्ष्यांच्या सुकलेल्या विष्ठेची धूळ छातीत जाऊन फुप्फुसं कायमची आखडू शकतात, हे डॉक्टर फार आधीपासून सांगत होते. कोरडा झाडू मारायचाच नाही. पाणी शिंपडायचं, भिजू द्यायचं, मग खरवडायचं. तोंडावर रुमाल नव्हे, एन-95 मास्क. तळमजल्यावर उंदरांचा वावर असेल तर ओल्यात अनवाणी उतरणं म्हणजे लेप्टोस्पायरोसिसला आमंत्रण. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईनं ते भोगलं आहे.

सिमेंटचे जुने पत्रे पुष्कळदा ॲस्बेस्टॉसचे असतात. ते टेम्पोत बसावेत म्हणून हातोड्यानं फोडतात. त्यातून उडणारे तंतू दिसत नाहीत आणि आजार वर येतो कित्येक वर्षांनी. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयानं 1995 साली ॲस्बेस्टॉस उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान 40 वर्षं जपण्याचा आदेश दिला. कारखान्यातल्या कामगाराची नोंद निदान कायद्यात आली. नाक्यावरून पत्रे फोडायला आणलेल्या बिगाऱ्याची नोंद कोण ठेवणार? त्याला दिवसाअखेर पैसे मिळतात आणि तो निघून जातो. पत्रे भिजवून, अखंड, स्क्रू काढून उतरवावेत. खेप एक वाढली तर वाढू दे.

आता वजन. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 1967 साली पुरुषानं एका वेळी उचलायच्या ओझ्याला 55 किलोंची मर्यादा सुचवली. ब्रिटनमधली आजची मार्गदर्शक सूचना याहून पुष्कळ खाली आहे: ओझं अंगालगत आणि कमरेच्या उंचीवर असेल तर पुरुषाला 25 किलो, बाईला 16. आपल्याकडे पाठीवर एकट्यानं फ्रिज नेणारा हमाल कौतुकाचा विषय होतो.

सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या अरुंद जिन्यावरून लोखंडी कपाट उतरवणं पाहावं. जाणती टोळी आधी कप्पे काढते, आरसा काढता आला तर काढते, नाहीतर त्यावर चिकटपट्टीची फुली मारते, दारं सुतळीनं आवळते. कपाट तिरपं झालं की भार खालच्या माणसावर येतो, म्हणून खाली दोघं आणि वर एक. खालच्याला पायरी दिसत नाही. चौथा माणूस पुढे राहून पायऱ्या मोजून सांगतो. आणि एक ठरलेला शब्द असतो, ‘टेक’. कोणीही, अगदी पहिल्या दिवसाच्या पोरानंही, ‘टेक’ म्हटलं की कपाट जागच्या जागी टेकतं. कारण मागाहून विचारायचं. अजाण टोळीत मुकादम एकटाच ओरडत असतो आणि बाकीच्यांनी बोलायचं नसतं.

ढिगाची गोष्टही सांगायला हवी. न्यूयॉर्कमध्ये हार्लेमच्या एका घरात कॉलियर नावाचे दोघे भाऊ राहत. त्यांनी छतापर्यंत सामान साठवलं होतं: वर्तमानपत्रांचे गठ्ठे, चौदा पियानो. मार्च 1947 मध्ये पोलिसांना एक भाऊ मेलेला सापडला. दुसऱ्याचा शोध गावभर चालला आणि त्याचं प्रेत एप्रिलमध्ये त्याच घरात, पहिल्यापासून दहाएक फुटांवर सापडलं. अंगावर कोसळलेल्या गठ्ठ्यांखाली तो दबला होता. घरातून शंभर टनांहून अधिक सामान निघालं. रद्दीचे गठ्ठे खालून ओढणाऱ्या पोरांना ही गोष्ट सांगावी. ढीग नेहमी वरून उतरवायचा.

महाराष्ट्रानं माथाडी कायदा 1969 साली केला. हमालाच्या घामाची नोंद व्हावी, मजुरी मंडळामार्फत मिळावी, भविष्यनिर्वाह निधी जमावा, हे तेव्हा अशक्य वाटणारं काम अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी करून दाखवलं. घरं रिकामी करणाऱ्या टोळ्या बहुतेक त्या छत्राबाहेरच आहेत. त्या आत याव्यात ही मागणी रास्तच. पण तोवर दरपत्रक आपल्याच हातात आहे. पाहणीची फेरी फुकट का म्हणून? तिचे पैसे दरात वेगळे धरावेत. घातक वस्तूंची चिठ्ठी मालकानं सही करून द्यावी आणि चिठ्ठी नसेल तर माळ्याला हात लावू नये. मजुरी खेपेवर न देता दिवसावर द्यावी, कारण खेपेवरच्या मजुरीत सुरक्षेचं प्रत्येक मिनिट मजुराच्या खिशातून जातं.

यातल्या पहिल्या दोन गोष्टींना विरोध होईल असं दिसत नाही. तिसरीवर टेम्पोवाल्यांची कुजबुज इथपर्यंत ऐकू येते आहे. चौथा मुद्दा लसीचा. ‘ब’ काविळीची लस तीन डोसांत, सहा महिन्यांत पुरी होते आणि तेवढ्यात बिगाऱ्याचा ठेकेदार बदललेला असतो. पहिला डोस देणाऱ्यानं तिन्हींचे पैसे भरायचे, की जो त्या वेळी कामावर ठेवेल त्यानं आपल्या वाटणीचा डोस द्यायचा आणि कार्ड मजुराजवळ राहायचं? भंगाराच्या दुकानदारांनी दुसरा मार्ग सुचवला आहे, कचरावेचक भगिनींना पहिला हवा आहे. दुपारचं सत्र त्याचसाठी मोकळं ठेवलं आहे.