सेवेलाही शिक्षण हवे
(सोमेश्वरनगर येथे ज्युबिलीच्या सभेत केलेले भाषण)



ज्युबिलीच्या या आनंददायक प्रसंगी मी आपणापुढे एक घरगुती प्रश्न ठेवू इच्छितो. आपल्या तरुणांपैकी कोणी समाजकार्याची पदवी घेण्याची इच्छा दर्शविली, की वडीलधारी माणसे म्हणतात, "सेवा करावयास पदवी कशाला? ती तर घरीच शिकावयाची." या बोलण्यात सत्य आहे, परंतु ते पूर्ण सत्य नव्हे.

आपल्या परिसराकडेच पाहा. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्याच्या गळितासाठी बीड, अहिल्यानगर इत्यादी जिल्ह्यांतून ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत फडात राबणे, हेच त्यांचे जिणे. आपण त्यांच्या मुलांस पाटी-पुस्तक व उबदार वस्त्र देतो. हे पुण्यकर्मच होय. तरीही एखादी मुलगी शाळेत जात नाही. का बरे? आई फडात असते, आणि धाकटे भावंड हिच्या कडेवर असते! तेव्हा आधी तान्ह्यासाठी पाळणाघर हवे, मग हिला शाळा. हे ओळखण्यास मायेच्या जोडीला विचारपूस, नोंद व कायद्याचे ज्ञान लागते.

समाजकार्याचा विद्यार्थी हेच शिकतो. वर्गातील अभ्यासाबरोबर तो ठरलेल्या दिवशी वस्तीत जातो, केलेल्या कामाचा अहवाल लिहितो व मार्गदर्शकाकडून तपासून घेतो.

हे शिक्षण आपणांस परके नाही. आपल्या देशात त्याचा पाया मुंबईस नागपाडा वस्तीत घातला गेला. तेथे काम करणारे अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाचे विद्यालय सुरू झाले. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. १९५५ साली आपल्याच कॅथोलिक धर्मभगिनींनी मुंबईस निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालय स्थापिले. पुण्यास १९६३ पासून कर्वे समाज सेवा संस्था आहे.

प्रभूने सांगितलेला तो दयाळू शोमरोनी आठवा. तो केवळ कळवळला नाही. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधल्या, जखमीस उतारशाळेत नेले, खर्चाची तजवीज केली आणि अधिक खर्च झाल्यास तो परतताना फेडण्याचे वचन दिले. दयेला व्यवस्थेची जोड कशी द्यावी, हे त्याच्यापासून शिकावे.

या मार्गात द्रव्य फार नाही, हे मी लपवीत नाही. मुलीस दूरच्या शहरी पाठविताना आईबापांचे मन कचरते, हेही मी जाणतो. म्हणून आपणांस एवढीच विनंती, की आपला मुलगा किंवा मुलगी हा विषय काढील, तेव्हा तो हसण्यावारी नेऊ नका. त्यांचे म्हणणे स्वस्थपणे ऐका, महाविद्यालयात जाऊन स्वतः चौकशी करा, आणि मग निर्णय घ्या. गरिबांच्या दारी जाणाऱ्या आपल्या लेकरांस दयाघन परमेश्वर सुबुद्धी व बळ देवो.