टाकीचं बूच

मला नऊ मिनिटं मिळाली आहेत. काचेपलीकडे बसलेल्या बाईंनी घड्याळाकडे बोट दाखवून ते दोनदा बजावलंय, त्यामुळे फाइल म्हणजे काय आणि फोल्डर म्हणजे काय हे सांगत बसत नाही. तुम्हाला ते येतं. येत नसेल तर घरात नातवंडं आहेत. मी एकच गोष्ट सांगायला आलेय आणि तीच पुन्हापुन्हा सांगणार आहे. क्लाउडमधल्या फायलींनी तुमच्या लॅपटॉपची जागा खाल्ली, तर डिलीट दाबायचं नाही.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी दर शनिवारी आमच्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत बसते. ज्येष्ठ मंडळी लॅपटॉप कापडी पिशवीत घालून जिना चढून येतात, खुर्चीत टेकतात, पाणी पितात आणि मग तक्रार सांगतात. गेली दोन-तीन वर्षं तक्रार बहुधा एकच असते. ‘मी सगळं क्लाउडवर टाकलंय हो, मग हा सी ड्राइव्ह लाल कसा?’

प्रश्न रास्त आहे. क्लाउड म्हणजे आपलं सामान दुसऱ्याच्या घरी, असा आपला समज. सामान दुसऱ्याच्या घरी असेल तर माझी खोली का भरावी?

इथे मला माझ्या आईची आठवण होते. माझं माहेर सोलापूरचं. नळाला रोज पाणी येत नाही, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पाणी सुटलं की घरातलं भांडं न् भांडं भरायचं. आता मी राहते त्या इमारतीच्या गच्चीवर मोठी टाकी आहे, नळ सोडला की पाणी हजर. पण आई माझ्याकडे राहायला आली की सवयीनं पहाटे उठून सगळं भरून ठेवायची. पिंप, हंडा, दोन कळश्या, तपेली, शेवटी इडलीपात्रसुद्धा. मी उठून पाहावं, तर ओट्यावर पोळपाट ठेवायला जागा नाही. म्हणायचे, ‘अगं आई, टाकी आहे ना वर!’ तिचं उत्तर ठरलेलं. ‘असू दे. हाताशी असलेलं बरं.’

तुमचा लॅपटॉप माझ्या आईसारखा आहे. क्लाउड ही गच्चीवरची टाकी आणि लॅपटॉपची डिस्क हा स्वयंपाकघरातला ओटा. तुम्ही एखादी फाइल उघडलीत की ती टाकीतून खाली येते, कळशीत भरली जाते आणि तुम्ही फाइल बंद केलीत तरी कळशी तिथेच राहते. हाताशी असलेलं बरं! अशा शंभर फायली उघडल्यात की शंभर कळश्या.

आणि टाकी केवढी, ओटा केवढा? वर्षाचे पैसे भरून क्लाउडमध्ये एक टेराबाइट घेणारे खूप आहेत. त्यांच्या लॅपटॉपची डिस्क मात्र 256 जीबीची. तीही विंडोज 238 दाखवतं, कारण विकणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज 1024च्या. त्यात विंडोजचा स्वतःचा संसार. उरलेल्या ओट्यावर टेराबाइटभर पाणी मावणार कसं?

आता फाइल टाकीत आहे की कळशीत, हे ओळखायचं कसं ते सांगते, कारण डिलीट दाबायच्या आधी तेवढं कळलं तरी पुरे. मायक्रोसॉफ्टचं वनड्राइव्ह वापरत असाल तर फायलीच्या नावाशेजारी एक बारीकसं चिन्ह असतं. निळ्या रेघेचा ढग दिसला तर फाइल वर टाकीत आहे, तुमच्याकडे फक्त तिच्या नावाची पाटी आहे. पांढऱ्यावर हिरवी बरोबरची खूण म्हणजे भरून ठेवलेली कळशी. आणि भरीव हिरव्या गोलात पांढरी खूण असेल, तर ते झाकण लावून ठेवलेलं पिण्याच्या पाण्याचं पिंप. ते ओतायचं नाही असं तुम्हीच कधीतरी सांगून ठेवलेलं असतं, ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ दाबून. तुम्ही म्हणाल, आम्ही नाही दाबलं. दाबलेलं असतं. चिन्हांवर भरवसा नसेल तर फायलीवर उजवं बटण दाबा आणि प्रॉपर्टीज उघडा. तिथे ‘साइझ’ आणि ‘साइझ ऑन डिस्क’ असे दोन आकडे दिसतील. दुसरा शून्य असेल तर त्या फायलीनं तुमची जागा खाल्लेली नाही.

ही ढगाची खूण कालपरवाची नाही, बरं का. 2013 साली विंडोज 8.1मध्ये अशीच सोय होती. नुसती नावं दिसायची आणि उघडलं की फाइल यायची. लोकांचा गोंधळ उडाला. फाइल दिसते म्हणजे ती आपल्याकडे आहे असं धरून ते प्रवासाला निघायचे आणि इंटरनेट नसलं की ती उघडायची नाही. म्हणून 2015च्या विंडोज 10मध्ये ही सोय काढून टाकली. मग, फायली सगळ्या खाली उतरून डिस्क भरते, अशी उलटी ओरड झाली आणि 2017च्या ऑक्टोबरात ती परत आली. म्हणजे गोंधळ तुमचा एकट्याचा नाही, तेव्हा लाजू नका.

आता गुरुजींची गोष्ट सांगते. आमच्याच गावातले, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. मुलीच्या लग्नाचे फोटो जावयानं त्यांच्या क्लाउडवर चढवून दिले होते. कुठल्या कंपनीचा क्लाउड ते विचारू नका. गुरुजींना वाटलं, एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर असावी. किती शहाणा विचार! त्यांनी सगळं फोल्डर कॉपी केलं आणि डिस्कवर पेस्ट केलं. पण शेजारणीच्या हंड्यात पाणी द्यायचं झालं, तर ते टाकीतून आधी तुमच्याच कळशीत यायला हवं ना? तसंच झालं. एकेक फोटो आधी लॅपटॉपवर उतरला, मग हार्ड डिस्कवर गेला, आणि लॅपटॉपवरची कळशी भरलेलीच राहिली. अर्ध्यावर सी ड्राइव्ह लाल झाला आणि कॉपी थांबली.

गुरुजी घाबरले. त्यांनी विचार केला, फोटो तर क्लाउडवर आहेतच, इथले काढून टाकू. आणि डिलीट दाबलं. ‘काढलेल्या फायली सगळीकडून जातील’ अशी पाटी पडद्यावर आली होती, तीही त्यांनी वाचली. मला म्हणाले, ‘ताई, सगळीकडून म्हणजे लॅपटॉपमधून सगळीकडून, असं वाटलं मला.’ लॅपटॉपवरची कचराकुंडी रिकामी केली, सी ड्राइव्ह निळा झाला, गुरुजी खूश. दुसऱ्या दिवशी गणपतीसाठी कोकणात गेले ते दसऱ्याला परतले. क्लाउडच्या कचराकुंडीत अशा फायली तीस दिवस राहतात, पुढे नाही. लग्नातले जेवढे फोटो आधी हार्ड डिस्कवर पोचले होते तेवढे वाचले. शेवटच्या फोटोत अंतरपाट धरलेला आहे. तो अंतरपाट काही खाली येत नाही.

श्रोतेहो, माझी पाण्याची उपमा इथे तुटते आणि नेमकी इथेच ती लक्षात ठेवायला हवी. घरात कळशी ओतली तर गच्चीवरच्या टाकीचं काही बिघडत नाही. क्लाउडच्या फोल्डरात मात्र डिलीट म्हणजे कळशी ओतणं नव्हे, टाकीचं बूच काढणं. वरचं, खालचं, मुलाच्या लॅपटॉपमधलं, सगळं एकाच वेळी वाहून जातं.

मग कळशी ओतायची कशी? फायलीवर किंवा सबंध फोल्डरवर उजवं बटण दाबा आणि ‘फ्री अप स्पेस’ निवडा. बस. फाइल वर राहते, नाव खाली राहतं, जागा मोकळी होते. जागा हवी असेल तर फ्री अप स्पेस. फाइलच नको असेल, कायमची, सगळीकडून नको असेल, तरच डिलीट. हे कागदावर लिहून लॅपटॉपच्या झाकणाला आतून चिकटवा. हसू नका, आमच्या वाचनालयात येणाऱ्या चौघांनी चिकटवलंय.

हातानं करायचा कंटाळा असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये, सिस्टिमखाली, स्टोरेजमध्ये स्टोरेज सेन्स नावाची सोय आहे. वनड्राइव्हची फाइल तीस दिवस उघडली नाही तर कळशी आपोआप ओत, असं तिला सांगता येतं. झाकणाच्या पिंपाला ती हात लावत नाही.

गूगल ड्राइव्हवाल्यांनो, तुमच्याकडे हाच प्रकार जरा वेगळ्या नावानं आहे. लॅपटॉपवर ड्राइव्ह बसवताना तो विचारतो, स्ट्रीम की मिरर? मिरर म्हटलंत की टाकीएवढं पाणी ओट्यावर, सगळंच्या सगळं. बहुतेकांना स्ट्रीम पुरतं. स्ट्रीममध्येही उघडलेल्या फायलींचा थोडा साठा सी ड्राइव्हवर राहतो, पण तो... बाई, किती मिनिटं उरली? दोन. बरं, तो साठा राहू दे. डिलीटचं मात्र तिथेही तेच. स्ट्रीम असो की मिरर, तिथून काढलेली फाइल ड्राइव्हच्या कचराकुंडीत जाते आणि तीस दिवसांनी संपते.

आणखी एक. नवा लॅपटॉप सुरू करताना तो गोड शब्दांत विचारतो, तुमचे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स सांभाळू का? आपण हो म्हणतो. त्या क्षणापासून डेस्कटॉपवरची फाइलही टाकीला जोडली जाते. म्हणजे क्लाउडच्या फोल्डरात मी कुठे काही केलं, मी तर डेस्कटॉपवरची फाइल काढली, असं म्हणायची सोय राहिली नाही. डेस्कटॉपवरच्या फायलींनाही ढगाची किंवा हिरवी खूण दिसली तर समजा, तिथेही डिलीट म्हणजे बूचच. मायक्रोसॉफ्ट फुकट 5 जीबी देतं, त्यात डेस्कटॉपवरचे नातवाचे व्हिडिओ दोन आठवड्यांत मावेनासे होतात आणि पैसे भरा, पैसे भरा असा तगादा सुरू होतो. तो तगादा आला की माणूस चिडून काय दाबतो, ते तुम्हाला ठाऊक आहे.

वर असलेली प्रत म्हणजे राखीव प्रत नव्हे, यावर खरं तर बोलायचं होतं. गुरुजींचा हार्ड डिस्कचा विचार चुकलेला नव्हता, पद्धत चुकली. एकदम सगळं नाही, एकेक वर्षाचं फोल्डर घ्यायचं, हार्ड डिस्कवर उतरवायचं, दोन-चार फोटो उघडून पाहायचे, मग इथे फ्री अप स्पेस, मग पुढचं वर्ष. आणि कट-पेस्ट नाही, कॉपी-पेस्ट, कारण कट केलंत तर वरूनही... लाल दिवा लागला. मोबाइलमधल्या फोटोंचं राहिलंच, तिथे तर हाच घोळ रोज होतो.

असो. तुमच्यापैकी कुणी गेल्या तीस दिवसांत असं काही काढून टाकलं असेल, तर आज घरी जाऊन आधी क्लाउडच्या वेबसाइटवर शिरा आणि तिथली कचराकुंडी उघडा. लॅपटॉपवरची नव्हे, वेबसाइटवरची. जमलं नाही तर शनिवारी चार ते सहा मी वाचनालयात असते. येताना चार्जर आणा, आणि तोवर काहीही डिलीट करू नका.