मेहरी कुठे गेली?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

पुस्तकावरून चित्रपट निघाला की, ‘पुस्तक श्रेष्ठ की चित्रपट?’ हा वाद ठरलेला. मार्जान सात्रापी या इराणी लेखिकेच्या ‘पर्सेपोलिस’विषयी बोलताना मला त्या वादात शिरायचे नाही. पुस्तकातले काय चित्रपटात आले आणि काय गळाले, एवढेच मी आपल्यापुढे मांडणार आहे. जे गळाले, त्याचा तुमच्या-माझ्याशी निकटचा संबंध आहे.

‘पर्सेपोलिस’ हे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेले आत्मकथन. मूळ फ्रेंचमध्ये ते २००० ते २००३ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. २००७ साली सात्रापी यांनीच विन्सां पारोनो यांच्या साथीने त्याचा चित्रपट केला आणि कानच्या महोत्सवात त्याला परीक्षक मंडळाचे पारितोषिक विभागून मिळाले. म्हणजे परक्या दिग्दर्शकाने मूळ कृतीची मोडतोड केली, अशी तक्रार येथे करता येत नाही. निवड लेखिकेचीच आहे.

कथा तेहरानमधील एका सुखवस्तू, सुशिक्षित, डाव्या विचारांच्या कुटुंबाची. आईबाप शहाच्या विरोधात निदर्शनांना जातात. मुलगी घरी बसून क्रांतीचे खेळ खेळते. १९७९ साली शहाची राजवट कोसळते आणि सत्ता धर्मगुरूंच्या हाती जाते. अनूश काका हा साम्यवादी. त्याने शहाच्या तुरुंगात नऊ वर्षे काढलेली. धर्मगुरूंना राज्य चालवता येणार नाही, अखेर सत्ता श्रमिकांकडेच येईल, असा त्याचा विश्वास. नव्या राजवटीने त्याला हेर ठरवून ठार केले. पुतणीच्या हाती उरले ते त्याने तुरुंगात पावापासून बनवलेले हंस.

हा अनूश चित्रपटातही आहे आणि तेथे तो अधिकच चटका लावतो. रस्त्यावरच्या काळ्या आकृत्यांची गर्दी पडद्यावर हलू लागते, तेव्हा पुस्तकाच्या स्थिर चौकटीला न साधणारे काही साधते. शहाच्या घराण्याचा इतिहास कळसूत्री बाहुल्यांच्या खेळासारखा दाखवण्याची कल्पनाही मार्मिक आहे. चित्रपटाचे हे यश मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

पण मेहरी कुठे गेली?

मेहरी ही त्या घरातली मोलकरीण. गरीब शेतकऱ्याची मुलगी. निदान पोटभर जेवेल म्हणून आठव्या वर्षी या घरी आलेली. छोट्या मार्जानला तिने सांभाळले. पुढे तिचे शेजारच्या मुलावर मन बसले. तिला लिहिता येत नव्हते, म्हणून तिची पत्रे मार्जान लिहून देई. मेहरीने आपण या घरातलीच मुलगी असल्याचे त्या मुलाला भासवले होते. मार्जानच्या वडिलांनी त्याला खरे काय ते सांगितले आणि प्रेमप्रकरण तेथेच संपले. वडिलांनी मुलीला समजावले, की वेगवेगळ्या वर्गांतल्या माणसांचे असे प्रेम जुळत नसते. तेव्हा मुलीने विचारले, की तुम्ही वर्गभेदाच्या बाजूचे की विरोधातले? या प्रश्नाला त्या पुरोगामी बापापाशी उत्तर नव्हते. त्यानंतर दोघी मुली घरात न सांगता मोर्चाला गेल्या. तो दिवस होता ८ सप्टेंबर १९७८. इराणच्या इतिहासातला ‘काळा शुक्रवार’. त्या दिवशी सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या.

हे सारे प्रकरण चित्रपटात नाही. कोणी म्हणेल, दीड तासात सगळे कसे मावणार? प्रश्न रास्त आहे. काही तरी गाळावेच लागते. परंतु परिणाम पाहा. चित्रपटात हे कुटुंब शहाचा आणि नंतर मुल्लांचा जुलूम सोसणारे तेवढे उरते. त्याच्या स्वतःच्या उंबरठ्याआड चाललेली विषमता दृष्टीआड होते. पुस्तक हुकूमशाहीवर आरोप ठेवते, तसाच आरोप ते आपल्या माणसांवरही ठेवते. चित्रपटात हा दुसरा आरोप बोथट झाला आहे. पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर बसलेल्या स्त्रीची ती आठवण आहे; आणि परक्या भूमीवर दुरावलेले घर आठवताना ते जास्तच निर्मळ दिसते, हे मानवी आहे.

अनूशचे भाकीत का चुकले, याचे उत्तरही मला मेहरीच्या प्रकरणात थोडेफार दिसते. श्रमिकांच्या राज्याची चर्चा ज्या दिवाणखान्यात चाले, तेथे चहा आणून देणारी मुलगी त्या चर्चेत कधी नव्हतीच. जी माणसे आपल्याला रोज भेटतात पण दिसत नाहीत, त्यांच्या नावाने केलेली भाकिते खरी कशी ठरावीत?

हे मी इराणवर टीका करण्यासाठी सांगत नाही. समतेवर भाषणे देण्यात माझी पुष्कळ वर्षे गेली. आणि आमच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईंचा चहाचा कप फळीवर वेगळा ठेवलेला असतो, हे मला फार उशिरा दिसले. तो कोणी वेगळा ठेवला, असे विचारण्याचा मला अधिकार नव्हता. इतकी वर्षे मीही तो पाहत होतोच.

साथींनो, चित्रपट अवश्य पाहा. मग पुस्तक हाती घ्या आणि मेहरीचे प्रकरण दोनदा वाचा. वेळ अपुरा पडला की कोणता विषय प्रथम गळतो, यावरून चित्रपटाची पारख होते, तशीच आपल्या बैठकांचीही होते. आपल्या विषयपत्रिकेवर घरकामगारांचा प्रश्न कितव्या क्रमांकावर असतो आणि किती वेळा तो ‘पुढील बैठकीत’ ढकलला जातो, हे आपण प्रत्येकाने घरी जाऊन तपासावे, एवढीच माझी विनंती आहे.