दारं धरणं



अध्यक्षानं भाषणाची पहिली दोन पानं 'मी या पदाला पात्र नाही' हे सांगण्यात घालवावीत, अशी आपल्याकडे रीत आहे. मी ती दोन पानं वाचवतो. आज मला कृपेविषयी बोलायचं आहे, आणि पात्रता न बघता जे पदरात पडतं त्यालाच आपण कृपा म्हणतो. तेव्हा तुम्ही हे अध्यक्षपद दिलंत, मी घेतलं, एवढं पुरे.

मी विशीत असताना एका संजीवन सभेत पाहुण्या वक्त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊ, तुमचं तारण कोणत्या तारखेला झालं?" मी तिसऱ्या पिढीतला ख्रिस्ती. बाप्तिस्मा आजोबांनी घेतला होता. मी पाळण्यात होतो तेव्हाही घरात रात्रीची प्रार्थना चालू होती. तारीख कुठून आणू? घाबरून मी एक तारीख ठोकून दिली. ती माझ्या मॅट्रिकच्या निकालाची होती. गृहस्थांनी ती वहीत लिहून घेतली आणि माझा हात प्रेमानं दाबला. त्या खोट्याची बोचणी मला आजही आहे. पण पुढं लेखनाच्या धंद्यात पडल्यावर माझ्या लक्षात आलं, की आपलं सगळं ख्रिस्ती साहित्यच तारीख विचारणारं आहे.

बघा ना. बाबा पदमनजींच्या आत्मचरित्राचं नाव 'अरुणोदय'. सुंदर नाव आहे. पण अरुणोदयानंतर दिवस उगवतो, माध्यान्हीचं ऊन होतं, दुपारची सुस्ती येते, दिवेलागण होते. त्यावर आपण काय लिहिलं? नारायण वामन टिळकांना 1893 मध्ये रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या माणसानं नवा करार दिला, ही गोष्ट रविवारच्या शाळेतलं पोरसुद्धा सांगतं. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, हेही सांगतं. त्यानंतर टिळक चोवीस वर्षं जगले. ती चोवीस वर्षं आपण 'पुढे त्यांनी पुष्कळ सेवा केली' या एका वाक्यात गुंडाळतो. आपल्या साक्षी बाप्तिस्म्याच्या पाण्यातून बाहेर येतात, अंग पुसतात आणि संपतात.

या बाबतीत पंडिता रमाबाईंनी आपल्याला केव्हाच सावध करून ठेवलं आहे. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये झाला. तरीही ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडायला आणखी सुमारे आठ वर्षं लागली, असं त्यांनी स्वतःच नमूद केलं आहे. मधल्या काळात त्या अमेरिकेत गेल्या, परत आल्या, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं, ते पुण्याला हलवलं, आरोप झेलले. म्हणजे जगाच्या नजरेत त्या पूर्ण ख्रिस्ती होत्या, काम डोंगराएवढं होतं, आणि आत काहीतरी अजून रुजायचं होतं. आपल्यातल्या किती जणांना हे चारचौघांत कबूल करता येईल?

रमाबाईंच्याच केडगावच्या मुक्ती सदनाचं नाव निघालं की आपल्याला 1905 चं संजीवन आठवतं. स्त्रिया रोज एकत्र जमून प्रार्थना करत होत्या आणि मग तो आत्म्याचा लोट आला. त्यावर देशोदेशी लिहिलं गेलं. मी त्याचं मोल कमी करत नाही. पण माझं मन त्या लोटापेक्षा त्याच सदनातल्या एका लिहिण्याच्या मेजापाशी रेंगाळतं. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून पवित्र शास्त्राचं भाषांतर करत बसल्या होत्या. साध्या बाईला वाचून कळावं अशा मराठीत. पंडिता म्हणून गाजलेल्या बाईनं ठरवून आपली संस्कृतप्रचुर भाषा बाजूला ठेवली. हे काम दीड तपाच्या आसपास चाललं. व्याकरण, शब्दसूची, कच्ची प्रत, दुरुस्ती, पुन्हा कच्ची प्रत. सदनातल्या बायकांनी खिळे जुळवले आणि तिथल्याच छापखान्यात पानं निघाली. 1921 मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. मेजावरचं काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या तेव्हा ते पुरं झालेलं होतं. ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला.

संजीवनाचा लोट थोड्या काळाचा आणि मेज दीड तपाचं. यातलं अधिक आध्यात्मिक कोणतं? मला विचाराल तर मेज. हे मत काहींना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

लक्ष्मीबाई टिळकांकडे तर या विषयाची खाणच आहे. नवरा धर्म सोडून गेला, ताटातूट झाली, काही वर्षांनी संसार पुन्हा जुळला, तरी सोवळंओवळं सुटलं नव्हतं. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. मग एकेक गाठ सुटत गेली. जातिभेद आधी मनातून गेला, बाप्तिस्मा मागाहून 1900 मध्ये झाला. 'स्मृतिचित्रे' वाचताना कुठं आकाशवाणी ऐकू येत नाही. भांडणं आहेत, फजिती आहे, नवऱ्याचा विसराळूपणा आहे, घरात आणलेली पोरकी मुलं आहेत, आणि या सगळ्या धबडग्यात एक बाई आतून मोठी होत जाते. तिनं 'माझी आध्यात्मिक वाढ' असं एकही प्रकरण लिहिलेलं नाही, हे आपलं भाग्य.

आता थोडं तत्त्वाचं, पण थोडंच. देवाची कृपा सगळं करते, तर माणसानं करायचं काय? हा झगडा जुना आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टिन आणि पेलागियस याच प्रश्नावर भांडले. आपल्या देशातल्या वैष्णवांनीही तो मांडला आणि दोन पिल्लांवर नेऊन ठेवला: माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून असतं, मांजरीच्या पिल्लाला आईच तोंडात धरून नेते. मर्कटन्याय आणि मार्जारन्याय. पौलाला मात्र हा झगडा वाटलाच नाही. फिलिप्पैच्या मंडळीला तो एका दमात सांगतो की आपलं तारण साधण्यासाठी भीत कापत झटा, आणि लगेच सांगतो की तुमच्यात काम करणारा देवच आहे. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून तो पुढच्या विषयाकडं वळतो.

मला हे कळलं ते सेमिनरीत नाही, वावरात कळलं. आमचं गाव प्रवरेच्या कालव्यावर. पाण्याची पाळी बहुधा रात्री यायची. वडील कंदील, खोरं आणि मला घेऊन निघायचे. दारं धरणं म्हणजे काय, हे इथल्या निम्म्या लोकांना सांगायला नको. उरलेल्यांसाठी सांगतो. पाटानं पाणी येतं. एका वाफ्याचं तोंड खोऱ्यानं फोडायचं, वाफा भरला की माती ओढून ते बुजवायचं आणि पुढच्याचं फोडायचं. रात्रभर हेच. त्या पाण्यातला एक थेंबही वडिलांनी निर्माण केलेला नव्हता. तो पाऊस भंडारदऱ्याच्या डोंगरांत पडलेला, धरणात साठलेला, कोसच्या कोस वाहत आलेला. खोरं कितीही आपटलं म्हणून पाणी तयार होत नाही. पण दार फोडायला माणूस जागा नसेल, तर तेच पाणी डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या वावरात जातं. एकदा वडिलांचा डोळा लागला. उंदराच्या बिळातून पाणी फुटून ओढ्याला मिळालं आणि आमचा हरभरा कोरडा राहिला.

प्रार्थना, शास्त्रवाचन, उपवास, प्रभुभोजन, आजाऱ्याच्या उशाशी बसणं, दशांश बाजूला काढणं, ही सगळी दारं धरण्याची कामं. पाणी त्याचं, खोरं आपलं.

पुढं अविलाच्या संत तेरेसाचं आत्मचरित्र हाती आलं तेव्हा मी थक्क झालो. सोळाव्या शतकातली ही कार्मेल संघाची स्पॅनिश जोगीण प्रार्थनेच्या चार पायऱ्या सांगताना बागेला पाणी घालण्याच्या चार तऱ्हा सांगते: विहिरीतून हातानं शेंदणं, रहाट, पाट आणि पाऊस. आपल्याकडं मोट होती, एवढाच फरक. पहिल्या तऱ्हेत कष्ट फार, पाणी थोडं. पावसात माळ्याला करण्यासारखं काहीच उरत नाही. आणि ही बाई प्रामाणिक इतकी, की कित्येक वर्षं प्रार्थनेला बसल्यावर तास कधी संपतो याकडंच आपलं लक्ष असे, हे ती सांगून टाकते. विहीर कोरडी पडली तर? तरी माळ्यानं आपल्या हातचं करत राहावं, फुलं जगवायचं देव बघेल, असा तिचा सल्ला आहे.

खोऱ्याचीही एक गंमत असते. ते हातात फार दिवस राहिलं की पाणी आपणच पाडलं असं वाटू लागतं. पस्तिशीत मी वर्षभरात पूर्ण शास्त्र वाचायचा तक्ता भिंतीवर लावला होता. एकूण 1189 अध्याय. रोज 3 आणि रविवारी 5 वाचले की हिशोब बसतो. लेवीयच्या पुस्तकात माझी गाडी रुतली, जशी सगळ्यांची रुतते, पण मी नेटानं पुढं गेलो. डिसेंबरात चार-पाच दिवसांचं वाचन तुंबलेलं. पत्नी तापानं फणफणली होती, पाणी मागत होती, आणि मी "एवढा अध्याय होऊ दे" म्हणालो. अध्याय होता योहानाच्या पहिल्या पत्रातला, बंधुप्रीतीवरचा. तक्त्यावर खूण पडली. परूशी आणि जकातदाराच्या दाखल्यात मी कुठं उभा आहे, हे कळायला मला तो तक्ता पुरला. पुढच्या वर्षी भिंत मोकळी ठेवली. वाचन सोडलं नाही, खुणा सोडल्या.

माझ्या आईनं असा तक्ता कधी केला नाही. तिला वेळच नव्हता. ती भाकरी थापताना प्रार्थना करायची. एक भाकरी, एक नाव. पहिली पाळकसाहेबांची, मग आजारी कोण असेल त्याची, मग आम्हा मुलांची. बांधावरून ज्यांच्याशी आमचा कोर्टकज्जा चालू होता, त्या शेजाऱ्यांचं नाव चौथ्या की पाचव्या भाकरीला यायचं. मी एकदा चिडून विचारलं, "त्यांच्यासाठी काय मागतेस?" तर म्हणाली, "काही मागत नाही. नुसतं नाव घेते. नाव घेताना भाकरी करपली तर समजते, अजून राग आहे." खटला पुढं बरीच वर्षं चालला आणि आम्ही तो हरलो. त्या घरातली म्हातारी वारली तेव्हा पहिलं पिठलं-भाकरीचं ताट आमच्याकडून गेलं. आईच्या तोंडून मी 'पवित्रीकरण' हा शब्द कधी ऐकला नाही.

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा स्वयंपाकी होता. पायानं अधू. मठासाठी दारू खरेदी करायला बर्गंडीला पाठवलं, तर नावेत पिंपांवरून गडगडत सरकावं लागायचं. त्यानं भटारखान्यातच देवाचं सान्निध्य धरून ठेवलं. मिझोरममधल्या ख्रिस्ती बायका विसाव्या शतकाच्या आरंभापासून दर वेळी भात शिजवताना मूठभर तांदूळ बाजूला काढतात आणि त्या मुठींवर तिथल्या मंडळ्यांची कामं उभी राहिली. गोव्यात आणि वसईत सांजेला घराघरांत रोझरी होते, गोव्यात तिला तेर्स म्हणतात. फादर स्टीफन्सनं 1616 मध्ये 'क्रिस्तपुराण' छापलं ते ओवीत, कारण नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं सुटली होती आणि कानांना काहीतरी हवं होतं. पोथी लागायची सवय मोडली की श्रद्धाही हलकी होते, हे त्या इंग्रज जेझुइटाला चारशे वर्षांपूर्वी कळलं. आपण मात्र रात्रीची कौटुंबिक प्रार्थना टीव्हीच्या मालिकेला देऊन टाकली, आता मोबाईलला, आणि तरुण मंडळीतून का जातात यावर परिसंवाद घेतो. उद्या दुपारीही एक आहे. मी श्रोत्यांत बसेन.

साहित्यिक मित्रांनो, तुमच्याकडं माझं एकच मागणं आहे. तारखेच्या पुढचं लिहा. प्रार्थना लागत नाही त्या वर्षांवर लिहा. पंचांच्या बैठकीतल्या भांडणावर लिहा, आणि भांडलेले दोघं पुढच्या रविवारी एकाच प्याल्याला कसे आले त्यावरही. 'मी पूर्वी अंधारात होतो' या वाक्यानं सुरू होणारं लेखन संपादकांनी वर्षभर परत पाठवावं, अशी माझी जाहीर सूचना आहे. आणि नवं लिहिण्याआधी जुनं वाचवा. आपल्या आज्यांच्या शास्त्राच्या समासात पेन्सिलीनं लिहिलेल्या ओळी आहेत. कोऱ्या पानांवर जन्म-मरणाच्या नोंदी आहेत, दशांशाच्या वह्या आहेत, प्रार्थनेत घ्यायच्या नावांच्या याद्या आहेत. घर बदलताना हे सगळं रद्दीत जातं. माझ्या आईची वही गेली. माळ्यावर वाळवी लागली, आणि वही वेळेवर खाली काढायची आठवण मला झाली नाही.

उद्या सकाळी दहापासून मी ग्रंथविक्रीच्या मंडपात, डावीकडच्या टेबलापाशी बसणार आहे. संयोजकांनी तिथं एक माणूस आणि स्कॅनर द्यायचं कबूल केलं आहे. वही तुमच्याकडंच राहील, आम्ही फक्त प्रत घेऊ. ज्यांचं गाव जवळ आहे त्यांनी आज रात्री जाऊन घेऊन या.